सुई, वेळ आणि कुंभाराचं गाढव



मागच्या व्याख्यानात आपण 'कारण' म्हणजे काय, या प्रश्नाकडे न्यायदर्शनाच्या अंगाने पाहिलं. तेव्हा एका श्रोत्यांची चिठ्ठी आली होती: हे घट आणि कुंभार सगळं ठीक आहे, पण आज त्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एक चालू वाद घेऊ. केमोथेरपीमुळे हातापायांच्या नसांना इजा होते. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तळपायांची आग होते. त्यावर अ‍ॅक्युपंक्चरने आराम पडतो, असं बरेच लोक सांगतात. तो पडतो का? आणि पडत असेल, तर सुईमुळे पडतो का?

हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही, तो घरात चालत आला. आमच्या पत्नीला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल हे औषध दर आठवड्याला, असं बारा आठवडे दिलं गेलं. कर्करोग आटोक्यात आला. पण एके दिवशी ती गॅलरीतून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की एका पायात चप्पलच नाही. ती मागे दारात राहिली होती. पायाला कळलंच नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कळलं. रात्री उलटी गत. दिवसा ज्या पायाला काही कळत नसे, त्याचीच रात्री आग व्हायची. पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना.

कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं. आम्ही सवयीने पुरावा विचारला, 'प्लासिबो असेल' असंही म्हणून गेलो. त्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कारण हवंय, मला झोप हवीय." त्या दिवशी आमच्याकडे याला उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर उशिरा शोधण्याचा प्रयत्न आहे, असं समजा.

आधी इजा समजून घेऊ. नसेतली एकेक पेशी फार लांब असते. तिचा मुख्य भाग पाठीच्या कण्याजवळ आणि टोक थेट पायाच्या बोटात. एवढ्या अंतरावर रसद पोचवायची तर आत रस्ते लागतात. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. पॅक्लिटॅक्सेल कर्कपेशीचं विभाजन थांबवतं ते याच नलिका गोठवून. पण कर्कपेशीतल्या नलिका कुठल्या आणि नसेतल्या कुठल्या, हा भेद औषधाला करता येत नाही. रसद तुटली की सगळ्यांत लांबचं गाव आधी उपाशी राहतं. म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि पायमोजा चढवावा तसा वर सरकतो. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिनही याच नलिकांवर घाव घालतं. ऑक्झॅलिप्लॅटिनची तऱ्हा निराळी. फ्रिजमधली बाटली हातात घेतली तरी झिणझिण्या येतात. आणि अशा प्लॅटिनमच्या औषधांत उपचार संपल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो.

यात पणाला काय लागतं? शर्टाचं बटण लावणं, भाजी चिरणं, जिना उतरणं. पडण्याची भीती. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की उपचार चालू असताना त्रास वाढला तर डॉक्टरांना औषधाची मात्रा कमी करावी लागते, कधी ते बंद करावं लागतं. म्हणजे ज्या औषधाने जीव वाचायचा, त्याच्यावरच गदा येते.

वैद्यकाच्या हातात यावर फार थोडं आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. हा त्रास टाळण्यासाठी त्यांना एकही औषध सुचवता आलं नाही. झालेल्या वेदनेसाठी एकच नाव आलं, ड्युलॉक्सेटिन, मूळचं नैराश्यावरचं औषध. ही पोकळी लक्षात ठेवा. जिथे खात्रीचा उपाय नसतो, तिथे माणूस दुसरीकडे पाहतोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता मूळ मुद्दा. 'अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का?' हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांच्या आड उभे आहेत. पहिला, रुग्णाला बरं वाटतं का? दुसरा, ते सुईमुळे वाटतं का? तिसरा, नस दुरुस्त होते का? समर्थक पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवतात आणि तिसऱ्याची पावती फाडतात. विरोधक दुसऱ्या प्रश्नावर शंका घेतात आणि पहिल्यालाच खोटं ठरवतात. आमची टीका दोघांवरही आहे.

पहिला प्रश्न घेऊ. "मला बरं वाटलं" हे रुग्णाचं विधान आम्ही प्रमाण मानतो. वेदना ही ज्याची त्यालाच कळते, तिथे दुसरा साक्षीदार नसतो. पण "सुया घेतल्या आणि बरं वाटलं" या वाक्यातला 'आणि' फार फसवा आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे आपण रोज म्हणतो. २०१४ साली ३१ अभ्यासांमधल्या ४,१७९ रुग्णांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. केमो संपल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के लोकांना हा त्रास होता. तीन महिन्यांनी ६० टक्क्यांना. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळानंतर ३० टक्क्यांना. हे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांतले आहेत, तेव्हा त्यांवर फार भार टाकू नये. पण दिशा स्पष्ट आहे. बऱ्याच जणांचा त्रास वेळेनेच कमी होतो. मग एखाद्याने तिसऱ्या महिन्यात सुया सुरू केल्या आणि सहाव्या महिन्यात बरं वाटलं, तर श्रेय कुणाचं? सुईचं, की वेळेचं?

इथे आपले नैयायिक उपयोगी पडतात. कारण ओळखायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहा, असं ते सांगतात. ते असताना कार्य होतं का, आणि ते नसताना होत नाही का. फक्त अन्वयावर थांबलात तर फसाल. आणि त्यापुढे आणखी एक चाळणी आहे, 'अन्यथासिद्ध' नावाची. कुंभाराने घट केला. त्याआधी माती होती, चाक होतं, दांडा होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव हे घटाचं कारण का नाही? कारण त्याच्यावाचूनही काम भागतं. माती गाडीतून आली असती तरी घट झालाच असता. तेव्हा गाढव त्या वेळी हजर होतं हे खरं, पण कार्याला त्याची गरज नव्हती. आमचा प्रश्न एवढाच, की अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुई हे चाक आहे, की गाढव?

आधुनिक चाचण्या नेमकं हेच पाहतात. त्यासाठी लटकी सुई वापरतात. १९९८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अशी एक सुई वापरात आणली. बोथट टोकाची, नाटकातल्या खंजिरासारखी. ती त्वचेला टेकते आणि दांड्यात मागे सरकते. रुग्णाला वाटतं, टोचली. म्हणजे खोली तीच, दिवाण तोच, विचारपूस करणारा माणूस तोच, फक्त टोचणं वजा. व्यतिरेक पाहण्याची ही चांगली युक्ती आहे.

आता आपल्या विषयावरची एक चाचणी पाहू. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग संस्थेत ती झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली. केमो संपलेले, पण नसांचा त्रास मागे राहिलेले ७५ रुग्ण. त्यांचे तीन गट: खरी सुई, लटकी सुई आणि नेहमीचीच देखभाल. आठ आठवड्यांनी शून्य ते दहा या वेदनेच्या पट्टीवर खऱ्या सुईच्या गटात सरासरी १.७५ अंकांची घट झाली, लटक्या सुईच्या गटात ०.९१, आणि नुसत्या देखभालीत ०.१९. म्हणजे सुईघरात न गेलेल्यांपेक्षा गेलेल्यांना बरं वाटलं, यात फारशी शंका उरत नाही. पण खरी आणि लटकी यांच्यातलं अंतर? प्रत्येक गटात जेमतेम पंचवीस माणसं. एवढ्या लहान गटांत ते अंतर खरं आहे की योगायोगाचं, हे ठामपणे सांगता येत नाही. चाक की गाढव, याचा निकाल या चाचणीने लागलेला नाही.

आणि ही चाचणी तरी तिन्ही बाजू पाहणारी होती. या क्षेत्रातल्या अनेक चाचण्या फक्त 'सुई विरुद्ध नेहमीची देखभाल' अशा असतात. त्यांत सुई मिळालेल्याला ठाऊक असतं की आपल्याला काहीतरी मिळालं, आणि दुसऱ्याला ठाऊक असतं की आपण तसेच राहिलो. मग एकाच्या समाधानातून दुसऱ्याची निराशा वजा होते आणि येणाऱ्या उत्तराला सुईचा गुण म्हणतात. याच्या उलट २०१३ सालच्या जर्मनीतल्या एका लहान चाचणीत सुमारे ६० रुग्णांना विद्युत-अ‍ॅक्युपंक्चर, विजेचं सौम्य जलस्नान, बी जीवनसत्त्व आणि नुसती प्लासिबो गोळी यांपैकी एकेक दिलं गेलं, तेव्हा प्लासिबोहून कुणीच सरस ठरलं नाही.

आता तिसरा प्रश्न, आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. बरं वाटणं आणि बरं होणं यांत फरक आहे का? यासाठी क्षणभर दुसऱ्या आजाराकडे, दम्याकडे जाऊ, कारण तिथे हा फरक मोजता येतो. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. त्याच रुग्णांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: खरा इनहेलर, लटका इनहेलर, लटकं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. श्वासाच्या यंत्रावर खऱ्या इनहेलरने २० टक्के सुधारणा दिसली, बाकी तिघांत सुमारे ७ टक्केच. पण "तुम्हाला किती बरं वाटलं?" असं विचारल्यावर उत्तरं आली ५०, ४५, ४६ आणि २१ टक्के. म्हणजे लटक्या सुईने माणसाला खऱ्या औषधाइतकंच बरं वाटलं, फुप्फुस मात्र होतं तिथेच होतं.

यात रुग्ण खोटं बोलत नव्हते. बरं वाटणं खरंच होतं. पण फुप्फुस बंद असताना बरं वाटणं घातक ठरू शकतं. तसंच बधिर पायाचं आहे. आग कमी झाली, झोप लागली, उत्तम. पण त्यावरून 'नसा मोकळ्या झाल्या' असं कुणी सांगितलं आणि बाई अंधारात अनवाणी चालायला लागली, तर तो आराम तिला महागात पडेल. वेदना आणि बधिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत उतार पडला म्हणजे दुसरीत पडलाच, असं नाही.

आता समर्थकांच्या एका आवडत्या युक्तिवादाकडे येऊ: 'ही हजारो वर्षांची परंपरा आहे.' असेल. पण कशाची? व्हिन्क्रिस्टिन वापरात आलं १९६० च्या दशकात. सिसप्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९७८ साली, पॅक्लिटॅक्सेलला १९९२ साली. ज्या इजेबद्दल आपण बोलतोय, तिचं वय काही दशकांचंच आहे. प्राचीन चीनमधल्या कुठल्याही वैद्याने ती पाहिलेली नाही, पाहणं शक्यच नव्हतं. तेव्हा परंपरेचा अनुभव इथे साक्षीला बोलावता येत नाही. जुन्या तंत्राचा हा नवा वापर आहे, आणि नव्या वापराला नवीन पुरावा लागतो.

आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आदराने घेतलं जातं. ते १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, पण गेले शल्यविशारद म्हणून. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणण्याचं श्रेय त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांना दिलं जातं. कोटणीसांच्या त्यागाबद्दल आमच्या मनात निखळ आदर आहे. पण आदर हे प्रमाण नव्हे. तसंच महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, हेही प्रमाण नव्हे. सुई कुणी टोचावी हे कायदा सांगतो. टोचल्यावर काय होतं, हे कायद्याने ठरत नाही.

आणखी एक वाक्य नेहमी कानावर येतं: 'फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?' इथे थांबा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत स्तनाच्या कर्करोगाच्या ६३ रुग्णांना पॅक्लिटॅक्सेल चालू असतानाच, त्रास होऊ नये म्हणून, विद्युत-अ‍ॅक्युपंक्चर किंवा त्याची लटकी आवृत्ती दिली. बाराव्या आठवड्याला फरक नव्हता. सोळाव्या आठवड्याला लटक्या गटातली वेदना ओसरलेली होती, खऱ्या गटातली नव्हती. अभ्यास लहान आहे, यावरून सुई घातक ठरवणं चूक. पण 'तोटा तर नाहीच' हे गृहीतही धरता येत नाही. त्याआधी २०१३ साली असिटिल-एल-कार्निटिन या पूरक गोळीचं असंच झालं. नसांना पोषक म्हणून तिची ख्याती होती. ४०९ स्त्रियांवर चाचणी झाली आणि गोळी घेणाऱ्यांचा त्रास चोवीस आठवड्यांनी वाढलेला आढळला. पटण्याजोगं तर्कट आणि चांगला हेतू या दोन्हींतून अपाय होऊ शकतो.

एवढं ऐकून संशयवादी मंडळी खूश झाली असतील. आता त्यांच्याकडे वळू. कारण 'छे, नुसता प्लासिबो' यातल्या 'नुसता' या शब्दावर आमचा आक्षेप आहे.

एक तर ज्या ड्युलॉक्सेटिनची शिफारस झाली, त्याचा आकडा पाहा. २०१३ सालची २३१ रुग्णांची चाचणी. औषधाने वेदना सरासरी १.०६ अंकांनी उतरली, प्लासिबोने ०.३४. फरक पाऊण अंकाच्या आसपास. मघाच्या चाचणीत खऱ्या आणि लटक्या सुईतलं अंतरही जवळपास तेवढंच होतं. दोन वेगळ्या चाचण्यांची अशी थेट तुलना करू नये, हे आम्हाला कळतं. ड्युलॉक्सेटिनचं अंतर मोठ्या चाचणीत टिकलं, सुईचं अजून टिकायचं आहे, हा भेद मोठा आहे. पण एकाला 'औषध' आणि दुसऱ्याला 'थोतांड' म्हणताना आवाजात जी खात्री असते, ती आकड्यांत नाही.

दुसरं, लटकी सुई म्हणजे शून्य नव्हे. तीही त्वचेला टेकते. आणि तिच्याभोवती आणखी बरंच काही असतं. तत्त्वज्ञ अडॉल्फ ग्र्युनबॉम यांनी एक भेद सुचवला आहे. उपचारात काही घटक त्या उपचाराच्या सिद्धान्ताने महत्त्वाचे मानलेले असतात, काही आनुषंगिक असतात. प्लासिबो म्हणजे जिथे सिद्धान्ताने नेमलेले घटक काम करत नाहीत. म्हणजे प्लासिबोचा अर्थ 'काहीच झालं नाही' असा नाही. झालं, पण तुम्ही सांगता त्या कारणाने झालं नाही. जर्मनीत कंबरदुखीवर १,१६२ रुग्णांची मोठी चाचणी झाली, २००७ साली प्रसिद्ध झाली. खऱ्या सुईने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला, लटक्या सुईने ४४.२ टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम वगैरे रूढ उपचाराने फक्त २७.४ टक्क्यांना. ठरावीक बिंदूंचा सिद्धान्त इथे हरला. पण रूढ उपचारही हरला, हे कुणी बोलत नाही. अर्धा तास कुणी पायाशी बसतो, कुठे दुखतं ते नीट विचारतो, आठवड्याने पुन्हा या म्हणतो. हे सगळं आनुषंगिक असेल, पण आपल्या दवाखान्यांतून ते इतकं नाहीसं झालं असेल की लोक त्यासाठी सुया टोचून घ्यायला तयार होतात, तर लाज सुईवाल्याला वाटायला हवी की आपल्याला?

तज्ज्ञांची अडचण सूचनांतही दिसते. २०२० च्या सूचनांत म्हटलं होतं की चाचण्यांबाहेर अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस करता येत नाही. २०२२ साली त्याच संघटनेने सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजीबरोबर वेदनेवर वेगळ्या सूचना काढल्या, त्यांत या त्रासासाठी अ‍ॅक्युपंक्चर 'देऊ करता येईल' असं आलं, पण शिफारस दुर्बळ आणि पुरावा कमी दर्जाचा, हेही त्यातच नमूद केलं. काही जण याला घूमजाव म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. 'पुरावा पुरेसा आहे का?' आणि 'पुरावा अपुरा असताना, दुसरं फारसं काही हाती नसताना, रुग्णाला काय सांगावं?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिला ज्ञानाचा आहे, दुसरा आचरणाचा. उत्तरं वेगळी येणारच.

मग आचरण कसं असावं? आम्ही वैद्य नाही. पण प्रामाणिकपणाचे काही नियम सांगता येतात. सुया घ्यायच्या तर कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगून घ्या, विशेषतः केमो चालू असताना, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेलेल्या असू शकतात आणि साधी टोचणीही जड जाऊ शकते. सुई एकदाच वापरायची, निर्जंतुक. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताबद्दल आधी विचारा. मुदत ठरवा, आठ आठवडे म्हणा, आणि वही ठेवा. आग किती, झोप किती, बधिरपणा कुठवर, हे वेगवेगळं लिहा. मुदतीनंतर फरक नसेल तर पैसे आणि येरझारा थांबवा. आणि आराम पडला म्हणून नव्या केमोच्या वेळी डॉक्टरांपासून मुंग्या लपवू नका. मात्रेचा निर्णय त्या मुंग्यांवर अवलंबून असतो.

उपचार करणाऱ्यांसाठी नियम एकच. "आराम पडू शकतो, खात्री नाही" एवढंच म्हणा. "नसा पुन्हा जिवंत करतो" असं म्हणू नका.

शेवटी घरची गोष्ट. आमच्या पत्नीने आठ आठवडे सुया घेतल्या. रात्रीची आग कमी झाली, झोप आली. बधिरपणा होता तसाच राहिला. आजही ती घरात चप्पल न घालता पट्ट्याचे सँडल घालते आणि रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहते. आराम सुईने पडला, वेळेने पडला, की त्या शांत खोलीतल्या अर्ध्या तासाने, हे आम्ही सांगू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत ते सांगता येतच नाही. त्यासाठी व्यतिरेक लागतो, आणि तिचं दुसरं, सुया न घेतलेलं आयुष्य आमच्याकडे नाही.

तेव्हा तिच्या त्या वाक्याला आमचं उत्तर असं. झोप हवी असणं पूर्णपणे योग्य आहे, त्यासाठी कारण माहीत असण्याची अट नाही. पण कारण कुणालाच नको झालं, तर पुढच्या बाईला काय द्यावं हे कधीच कळणार नाही. गाढवाने माती घरी आणली असेल तर त्याला चारा जरूर घाला. पण घट त्यानेच घडवला, असं शेजारणीला सांगू नका. तिच्याकडेही माती आहे, आणि तिला चाक शोधायचं आहे.

प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवा, पुढच्या वेळी घेऊ.